सतराव्या गल्लीचं नाव

सतरा नावांपैकी एक नाव मी दुरुस्त केलं. ही माझी चूक.

चुका मला नव्या नाहीत. दुबईत अल क्वोजमधल्या ज्या कंपनीत मी बारा वर्षं काढली, ती पाट्या बनवते. मॉलच्या, हॉस्पिटलच्या, पार्किंगच्या, 'इकडून जा, तिकडे थांबा' अशा सगळ्या. एका तळघरात बाहेर जायच्या रस्त्याचा बाण मी थेट भिंतीकडे दाखवला होता. लोक भिंतीपर्यंत जात, तिला हात लावून बघत आणि परत फिरत. एका इमारतीला मी दोन पाचवे मजले दिले. या चुकांबद्दल मी बोलणी खाल्ली, पाट्या बदलल्या, विसरून गेलो. दुरुस्ती मात्र आयुष्यात एकदाच केली, आणि ती अजून माझ्या मागे आहे. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी पेडणेकरांबद्दल सांगायला हवं.

दिगंबर पेडणेकर आमचे स्टोअरकीपर. मूळचे मालवणकडचे. लहान चणीचे, कडक इस्त्रीचा फिक्या निळ्या रंगाचा शर्ट, कानावर पेन्सिल. पेन्सिल नेहमी इतकी आखूड झालेली असे की ती कानावर ठेवलेली नसून तिथेच उगवली असावी असं वाटे. आवाज इतका हलका, की वर्कशॉपमध्ये कटिंग मशीन चालू असताना त्यांच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत. मशीन बंद झालं तरी ते आवाज चढवत नसत. आजूबाजूला सगळे घाईनं दिवसातून शंभरदा 'यल्ला यल्ला' करत, कंटाळले की 'खलास' म्हणत. पेडणेकरांच्या तोंडून मी दोन्ही कधी ऐकलं नाही. घाई करणाऱ्याला ते म्हणत, "येतला, येतला." आणि ती वस्तू खरंच येई.

दुबईत येण्याआधी त्यांनी वीस-बावीस वर्षं नॉर्वेच्या जहाजांवर फिटरचं काम केलं. त्या देशाचा अगदी दक्षिणेकडचा किनारा त्यांना पाठ होता. आपण पाढे म्हणावेत तसा ते तो पूर्वेकडून पश्चिमेकडे म्हणत: रिसोर, अरेंडाल, ग्रिमस्टाड, लिलेसांड आणि पुढे. पांढरी लाकडी घरं, दारात बांधलेल्या होड्या, समुद्रात विखुरलेले गुळगुळीत खडक. "तिथली माणसां मऊ बोलतत," ते मला एकदा म्हणाले. "बाकीच्या नॉर्वेतले तेंका हसतत. कडक अक्षर असलां तरी ते मऊ करून सोडतत. माका बरा वाटायचा. आपल्या घरची वाटायची."

ही शाळा त्यांनी स्टोअरमध्ये भरवली होती. आमच्या स्टोअरमधल्या रॅकना नंबर नव्हते, नावं होती. दारापाशी रिसोर, म्हणजे स्क्रू आणि बोल्ट. मग अरेंडाल, अ‍ॅक्रिलिकच्या शीट. ग्रिमस्टाडमध्ये रंगाचे डबे. लिलेसांडमध्ये दिव्यांच्या पट्ट्या. मांडालमध्ये चिकटपट्ट्या आणि गोंद. पुढे लिंडेस्नेस, म्हणजे नॉर्वेच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिणेचं टोक. तिथे ड्रिलची पाती आणि सगळं धारदार सामान, कुलपात. "थय वारो भयंकर," ते कुलूप लावता लावता सांगत, "सांभाळून जावचा लागता."

त्यामुळे आमच्याकडे जी संभाषणं होत ती जगात दुसरीकडे कुठे होत असतील असं मला वाटत नाही. आमचा फॅब्रिकेशनचा फोरमन गुलजान, पेशावरकडचा, सहा फुटी माणूस, दारातून ओरडे, "पेडणेकर भाई, ग्रिमस्टाड में सफ़ेद ख़तम हो गया!" आतला बंगाली पेंटर उत्तर देई, "अरेंडाल का पीछे देखो, दो डिब्बा हाय!" यांतल्या एकानंही नॉर्वे नकाशावर पाहिला नव्हता, पण डोळे बांधून सोडलं असतं तर त्या किनाऱ्यावरून बरोब्बर चालत गेले असते.

मध्ये कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आणलं. एक सल्लागार आला, त्यानं रॅकना ए-एक, ए-दोन असे कोड चिकटवले आणि सांगितलं, आजपासून हेच. पेडणेकर म्हणाले, "येस सर." आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा प्रत्येक मागणीच्या शेवटी 'शेरा' नावाच्या रकान्यात कोणीतरी कंसात लिहिलं होतं: ग्रिमस्टाड. अरेंडाल. ग्रिमस्टाड. त्यानं रागानं विचारलं, हे कोण लिहितं? वर्कशॉपमधले सगळेच लिहीत होते. कारण ए-तीन म्हटलं की कोणाला काही सापडत नव्हतं.

पेडणेकरांचा एक प्रश्न ठरलेला असे: "नाव काय त्याचा?" नवीन हेल्पर आला, नाव काय. नवीन ग्लू आला, नाव काय. बर दुबई भागात त्यांची खोली होती, मीना बाजाराच्या मागे. दर रविवारी ते अब्रात, म्हणजे लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडत आणि पुढच्या अब्रानं परत येत. मी विचारलं, "पलीकडे काय काम असतं?" म्हणाले, "काम खयचा? पाणी ओलांडलंय." त्या अब्रांना नुसते नंबर असतात. पेडणेकरांनी दोन-तीन नावाड्यांना त्यांच्या बोटीचं नाव विचारून विचारून इतकं हैराण केलं, की एकानं वैतागून नाव ठेवलं, आपल्या मुलीचं. नंतर म्हणे तो पेडणेकरांकडून पैसे घेईना.

स्टोअरमध्ये त्यांच्या टेबलामागे एक छोटी फळी होती. त्यावर किटली, चहाचा आणि साखरेचा डबा, गणपतीचा एक लहान फोटो. या फळीचं नाव होतं होडवें. सगळ्या नावांसारखंच इंग्रजी अक्षरांत, पेन्सिलीनं लिहिलेलं. बारा वर्षं रोज सकाळी दहा वाजता मी त्या फळीवरचा चहा प्यायलो. "होडवेंवरचा साखरेचा डबा द्या हो," असं मी स्वतः कैकदा म्हटलं असेल. असेल नॉर्वेतलं एखादं बंदर, असं मी धरून चाललो होतो. 'नाव काय त्याचं' हा प्रश्न विचारणाऱ्या माणसासमोर बसून मी तो प्रश्न एकदाही विचारला नाही.

मग ते काम आलं. उम्म अल क्वैनच्या पुढे, समुद्राला लागून, एका बिल्डरची व्हिलांची कॉलनी. वाळूत नॉर्वे उभारायचा होता: पांढरी लाकडी दिसणारी घरं, उतरती छपरं, आणि प्रत्येक घराला चार टनांचा एसी. कन्सल्टंटकडून रीमा नावाची लेबनीज मुलगी होती, हुशार, चटपटीत, कायम दोन फोनवर. ती म्हणाली, "मिस्टर अभय, सतरा गल्ल्या आहेत. नावं तुम्ही सुचवा, आम्ही अप्रूव्ह करू. आणि गेटवर एक हिस्टरी पॅनल. छोटं, सुंदर, जुनं."

जुनं हा शब्द मी मनावर घेतला. दुपारपर्यंत मी पॅनलचा मजकूर लिहून टाकला. त्यात व्हायकिंग होते, तलवारी होत्या, आणि हजार वर्षांपासून अभिमानानं मिरवलं जाणारं त्या किनाऱ्याचं नाव होतं: सोर्लान्ने. मोठ्या ऐटीत तो मी पेडणेकरांना वाचून दाखवला. ते ऐकत राहिले, आणि मग चहा कपातून बशीत सांडेपर्यंत हसले.

"हजार कसली साहेब," ते म्हणाले. "शंभर. फार तर सव्वाशे."

"नावाला?"

"नावाक. किनारो जुनाच. तेचा जुना नाव होता, आग्देर, पण ता राजांच्या कागदावर. लोकांका विचारलां तर म्हणायचे, आमी पश्चिमेकडचे. आणि खरे पश्चिमेकडचे तेंका आपल्यात धरीनत नाय. मग थयल्या एका लेखकान पेपरात लिवल्यान. आपण पश्चिमेकडचे खयचे? आपलो किनारो वेगळो, आपली माणसां वेगळी. तेका दक्षिणेकडचो देश म्हणूया. सोर्लान्ने म्हणजे तितक्याच. दक्षिण देश."

"आणि?"

"आणि काय? लोक म्हणूक लागले."

"असं कसं? एका माणसानं पेपरात लिहिलं आणि अख्ख्या किनाऱ्याचं नाव झालं? सरकार, ठराव, काही?"

"ता मागसून. आधी लोकांनी हाक मारली." त्यांनी बशी पुसली. "मी जहाजावर होतंय तेव्हा आमचो बोसन होतो, खलाशांचो मुकादम, आर्ने. थयलोच. तेच्या आजोबाच्या जन्माक ता नाव नव्हता. आणि आर्नेक तुमी विचारा, तू खयचो? छाती फुगवन सांगायचो, सोर्लान्ने. दोन पिढ्यांत, साहेब."

व्हायकिंग मी खोडले. मग म्हटलं, सतरा नावं तुम्हीच द्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका जुन्या डिलिव्हरी नोटच्या पाठीमागे ती लिहिली, किनाऱ्याच्या क्रमानं, आखूड पेन्सिलीनं, एकही खाडाखोड न करता. कागद माझ्या हातात देताना त्यांनी तो सोडला नाही. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

"सतरावी गल्ली पाण्याक लागता ना?"

मी ड्रॉइंग पाहिलं. सतरावी सगळ्यांत लहान, तीन व्हिला, टोकाला समुद्र. "हो."

"मगे हां शेवटचा नाव थयच ठेवा. बाकीची खय पण गेली तरी चालात."

शेवटचं नाव होतं होडवें. मी मान डोलावली आणि निघालो.

आमच्याकडे रीत अशी, की मोठं काम आलं की आधी एक नमुना-पाटी बनवायची. खरी, पूर्ण, इंग्रजी-अरबी दोन्ही अक्षरांत. क्लायंट रंग आणि फिनिश बघून तिच्या पाठीवर सही करतो, आणि काम संपेपर्यंत ती पाटी जपून ठेवायची. शेवटच्या दिवशी बाकीच्या पाट्या तिच्याशी ताडून बघतात. गुलजाननं नमुन्यासाठी सतरांतून होडवें उचललं. म्हणाला, "साब, अंग्रेज़ी में पाँच हरफ़ हैं, जल्दी हो जाएगा." यादीतल्या लिस्टा या नावालाही इंग्रजीत पाचच अक्षरं होती, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

पाठीवर रीमाची सही होऊन नमुना पास झाला. आणि मग, काही काम नसलेल्या एका दुपारी, मला अभ्यास करायची बुद्धी झाली.

एकेक नाव मी इंटरनेटवर शोधायला घेतलं. पहिला संशय आला मांडालवर. म्हटलं, हे काय, पेडणेकरांनी गणेशोत्सवाचं मंडळ घुसवलं की काय? तर निघालं, खरंच गाव आहे, छान आहे, वाळूचा किनारा आहे. मग लिस्टावर संशय घेतला, तेही खरं. सोळा नावं खरी निघाली. सतरावं कुठेच नाही. नकाशात नाही, यादीत नाही. तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधलं. नाही. मला जो आनंद झाला तो सांगून सोय नाही. ज्या माणसाला तो किनारा पाठ आहे त्याची चूक मी शोधून काढली होती! होडवें काढून मी तिथे हिद्रा टाकलं. हिद्रा हे त्याच किनाऱ्यावरचं खरं बेट आहे. ड्रॉइंगवर 'रिव्हिजन सी' लिहिलं आणि सह्यांना पाठवलं. आमच्याकडे सही करणारा वाचत नाही आणि वाचणाऱ्याला सहीचा अधिकार नसतो. दोन दिवसांत सहा सह्या होऊन आली.

ती घेऊन मी स्टोअरमध्ये गेलो. दहाचा चहा होता.

"पेडणेकर, एक चूक पकडली बरं का तुमची," मी म्हणालो. "ते होडवें. असं गावच नाहीये!"

त्यांनी ड्रॉइंग हातात घेतलं. सतराव्या गल्लीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग कागद नीट चार घड्या घालून मला परत दिला.

"नाय ना," ते म्हणाले. "बरा केलात."

त्या दिवशी चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायलो. म्हटलं, माणूस ओशाळलाय, कशाला बोला.

यानंतर दोनेक महिन्यांनी पेडणेकरांच्या निवृत्तीचं ठरलं. वय झालं होतं, व्हिसा पुढे वाढणार नव्हता. शेवटच्या महिन्यात स्टोअरची मोजदाद करून ताबा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी रॅकवरून बारकोडचे स्टिकर मारत चाललो होतो, गुलजान शिडी धरून उभा होता. पेडणेकर मेडिकल की कसल्या तरी कागदासाठी बाहेर गेले होते. टेबलामागच्या फळीपाशी आलो आणि मी म्हणालो, "गुलभाई, ये होडवें को क्या नंबर दें? ये तो नॉर्वे में है भी नहीं."

गुलजाननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला आपल्या कंपनीचं नाव विचारलं असावं.

"साब, होडवे नॉर्वे में कहाँ से होगा? वो तो पेडणेकर भाई का गाँव है."

"गाँव?"

"ग्यारह घर थे. एक तरफ़ खाड़ी, एक तरफ़ समंदर. समंदर खा गया. अब वहाँ पानी है." मग फार अदबीनं, "आप को नहीं मालूम? आप तो उन्हीं के मुल्क के हो."

बंगाली पेंटरला माहीत होतं. मल्याळी ड्रायव्हरला माहीत होतं. तो चिडका सॉफ्टवेअरवाला सल्लागार, त्यालासुद्धा माहीत होतं. त्यानं म्हणे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला पेडणेकरांनी सांगितलं होतं. वर्कशॉपमध्ये पेडणेकरांखेरीज मराठी कळणारा माणूस मी एकटा, आणि होडवें ठाऊक नसलेलाही मी एकटा.

मी वर जाऊन रीमाला पत्र लिहिलं. सतराव्या गल्लीचं नाव पूर्वीप्रमाणे होडवें करावं, ही विनंती. तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ऐतिहासिक संदर्भ जोडा. आता संदर्भ कुठून आणू? शेवटी मी खरं ते लिहिलं. असं गाव नॉर्वेत नाही. दुसरीकडे होतं, आता तिथेही नाही. ते आमच्या स्टोअरकीपरचं आहे, आणि मी ते चुकून काढलं. या वेळी उत्तराला दोन दिवस लागले. रीमानं फोन केला. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "मिस्टर अभय, आय अ‍ॅम सॉरी. विक्रीच्या कागदांवर हिद्रा छापलं गेलंय. मी आता काही करू शकत नाही." तिचं बरोबर होतं. सहा सह्यांत एक सही तिचीही होती.

कॉलनी ताब्यात द्यायच्या दिवशी मी पेडणेकरांना बरोबर घेतलं. उरलेलं सामान परत आणताना स्टोअरकीपरची सही लागते, हे निमित्त. चार दिवसांनी त्यांचं विमान होतं. पिकअप गुलजान चालवत होता, मागे शिडी, ड्रिल, आणि बबलरॅपमध्ये ती नमुना-पाटी, ताडून बघण्यासाठी. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी एकदाचं विचारलं, "पेडणेकर, होडवेंबद्दल सांगा ना."

ते बाहेर बघत होते. त्यांना नवल वाटलं नाही. बारा वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी काय नवल वाटणार?

"अकरा घरां," ते म्हणाले. "खाडयेच्या तोंडाक, रेतीच्या पट्ट्यार. पयल्या-पयल्यान जहाजार गेलंय तेव्हा मी अरेंडालसून घराक, आवशीक पत्र टाकलंय. चार महिन्यांनी ता पत्र परत जहाजार इलां. वर शिक्को होतो. असा पत्ता नाही." रस्त्यावर गाड्या इंचभर सरकल्या. "त्या पावसात खाडयेन तोंड बदललान. माणसां वाचली, सगळी. आत गावात जागा गावली. रेशन कार्डार दुसऱ्या गावाचा नाव लागला. आता पोरांका विचारलां तर ती दुसऱ्याच गावाचा नाव सांगतत. तेंचा पण बरोबर."

'असं गावच नाहीये,' हे मी किती खुशीत म्हटलं होतं ते मला आठवत होतं.

"ता पत्र हातात घेवन मी डेकवर बसलेलंय. आर्ने इलो. तेका सांगलंय. तेव्हा तेना माका तेच्या किनाऱ्याची ती गोष्ट सांगल्यान. पेपरातली. म्हणालो, नाव जमिनीर नसता रे, लोकांच्या तोंडात असता. कोण तरी हाक मारूक होयी." ते हसले. "म्हणान फळयेर लिवलेलां. तुमी सगळे रोज म्हणायचास, होडवेंवरची साखर आण. माका तितक्या पुरे होता. मग ह्या कॉलनीचा काम इलां, तेव्हा म्हटलां, तीन घरां तर तीन घरां. कोण तरी पिझ्झा मागवीत. सांगीत, होडवें, दोन नंबर."

"पेडणेकर, मी फार—"

"जावंदे, साहेब. तुमी नीट काम केलात. नाय ता नाय."

माफी मागायला माणूस निघतो आणि समोरचा त्याचीच समजूत काढतो, यापेक्षा वाईट अवस्था नाही. गुलजान आरशातून माझ्याकडे बघत होता. त्यानं समजूत काढली नाही.

कॉलनीवर दुपारभर रीमा यादी घेऊन फिरली आणि आम्ही तिच्या मागे. हा स्क्रू सैल, ती पाटी तिरकी. हिद्राची पाटी सरळ होती, चकचकीत होती, तिच्यात काहीएक दोष नव्हता. पेडणेकरांनी ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर बरा इलाहा." यादीत त्रेचाळिसावा मुद्दा आला: सतराव्या गल्लीच्या टोकापासून समुद्राकडे उतरणारी पायवाट, पाटी नाही, लावावी.

"ही ड्रॉइंगमध्ये नव्हतीच," मी म्हणालो.

"आता आहे," रीमा म्हणाली. "चार वाजता मालक येतायत. लावा काहीतरी."

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "नाव काय तिचं?"

रीमानं यादीतून मान वर केली. माझ्याकडे बघितलं, जरा लांब वाळूत उभ्या असलेल्या निळ्या शर्टाकडे बघितलं. एक फोन वाजत होता, तो तिनं बंद केला.

"पायवाटेचं नाव विक्रीच्या कागदांवर छापलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत माझी सही असलेली कुठलीही पाटी चालेल."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत गुलजान पिकअपपाशी पोचलासुद्धा होता. बबलरॅप फाडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांत खड्डा, खांब, चार बोल्ट. मी मदतीला गेलो तर तो म्हणाला, "साब, आप बस खड़े रहो."

पेडणेकर चालत आले. पाटीसमोर उभे राहिले. एका ओळीत इंग्रजी, खाली उजवीकडून डावीकडे अरबी, त्याच्या मागे वाळू आणि मग पाणी. त्यांनी रुमाल काढला आणि पाटीवर काही नसताना ती पुसली. एक डिलिव्हरीवाला मोटरसायकल घेऊन चुकत चुकत तिथवर आला होता; हेल्मेटची काच वर करून त्यानं विचारलं, "भाई, ये कौन सी जगह है?"

"होडवें," पेडणेकर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला. दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू गेला असेल.

मग त्यांनी गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. फोन पाटीसमोर धरला, मग समुद्राकडे, मग परत पाटीकडे. फोन ते इतका भराभर फिरवत होते, की वहिनींना बहुधा आकाशच जास्त दिसलं असेल. पण कळलं त्यांना. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कोणी लावल्यानी?" वहिनींनी विचारलं.

पेडणेकरांनी फोन माझ्याकडे वळवला. मी हात जोडले आणि शक्य तेवढा नम्र चेहरा केला. वहिनींनी मला नीट न्याहाळलं.

"पयला खोडल्यानी ते ह्येच मां?"

"होय गो," पेडणेकर हळूच म्हणाले.

"मगे तेंका सांगा, आता तरी हात लावू नकात!"